आमचा सुगंधी तट

मोठ्या शत्रूपुढें हार खाल्ली तर मनुष्यास तिची फारशी लाज वाटत नाहीं. वाघानें आपणांस झाडावर चढविलें हें सांगतांना उलट सांगणाऱ्याच्या आवाजांत थोडा अभिमानच उतरतो. परंतु डांसानें आपणांस हरविलें हें सांगावयास सहसा कोणी पुढें येत नाहीं. आम्ही आज तें सांगावयास बसलों आहों. आमच्या पराभवाची हकीकत वाचून वाचकांनीं मनसोक्त हंसावें. मात्र हंसूं ओसरल्यावर आपल्या सज्ज्यांतील कुंड्या एकवार उचलून पाहाव्या, एवढीच आमची विनंति आहे.

ह्या हकीकतीचें मूळ आमच्या बाळपणांत आहे. आमचे वडील खानदेशांत शाळामास्तर होते आणि त्यांच्या बदल्यांबरोबर आमचें बिऱ्हाड नंदुरबार-तळोद्याच्या बाजूस फिरत असे. सातपुड्याच्या पायथ्याशीं त्या काळीं रोशा नांवाचें सुवासिक गवत पुष्कळ उगवे. वैद्यकग्रंथांत ज्यास रोहिष म्हणतात तेंच हें. पावसाळा सरून गवतास फुलोरा आला म्हणजे ओढ्याच्या कांठीं भट्ट्या लागावयाच्या. गवत पाण्यांत उकळावयाचें, त्याची वाफ नळीनें थंड पाण्यांत बुडविलेल्या भांड्यांत न्यावयाची, आणि तिचें पाणी झालें म्हणजे वर तरंगणारें तेल काढून घ्यावयाचें, अशी ती साधी कृति. ह्या तेलास गुलाबासारखा वास येतो. कारण गुलाबांत असणारा जिरॅनिऑल नांवाचा पदार्थच त्यांत मुख्यत्वेंकरून असतो. एकोणिसाव्या शतकांत हें तेल मुंबई बंदरांतून अरबस्तान-तुर्कस्तानाकडे जाई आणि तिकडे गुलाबाच्या अत्तरांत बेमालूम मिसळलें जाई. माळावरचें गवत परदेशीं जाऊन गुलाब म्हणून मिरवूं लागलें, ह्यांत नवल तें काय? परदेशीं जाऊन आल्यावर माणसांचेंहि असेंच होतें!

आमच्या घरीं मात्र ह्या तेलाचा उपयोग निराळा होता. दिवेलागणीस आम्ही भावंडें शुभंकरोति म्हणावयास ओळीनें बसलों म्हणजे वडील खोबरेल तेलांत रोशाचे चार थेंब टाकून तें आमच्या हातापायांस चोळीत. "ह्या वासापुढें डांस उभा राहत नाहीं," हें त्यांचें रोजचें वाक्य. त्या मुलुखांत हिंवतापानें घरेंच्या घरें अंथरुणास खिळलेलीं लोकांच्या आठवणींत ताजीं होतीं. कोयनेलाची कडू गोळी कोणास ठाऊक नव्हती असें नाहीं. असें असतां आमच्या घरांत त्या तापानें कधीं पाऊल टाकलें नाहीं. तेव्हां डांस आणि सुगंधी तेल ह्यांच्या हाडवैराविषयीं आमच्या मनांत जी श्रद्धा बसली ती वेदवाक्यावरील श्रद्धेहून रतिभरहि कमी नव्हती.

ह्या श्रद्धेस साठ वर्षांनंतर उजाळा मिळण्याचें कारण आमचा नातू. चिरंजीव पांच वर्षांचे आहेत. गेल्या दोन पावसाळ्यांत त्यांस बाळदम्याचा त्रास होऊं लागला. डॉक्टरांनीं तपासून प्रथम हाच प्रश्न केला कीं, घरांत डांसांची कॉइल लावतां काय? आम्ही लावीत होतों. ह्या वस्तूचा जन्म जपानांत १८९० च्या सुमारास झाला. शेवंतीच्या जातीच्या एका फुलाची भुकटी घालून केलेली ती उदबत्ती होती, आणि ती अधिक वेळ जळावी म्हणून पुढें तिला वेटोळ्याचा आकार मिळाला. आज तींत बहुधा फुलाऐवजीं कारखान्यांत बनविलेलीं तशाच जातीचीं द्रव्यें असतात. धूर मात्र कायम आहे. २००३ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनांत असें आढळलें कीं, एक कॉइल जळून संपेतों जितके अतिसूक्ष्म कण हवेंत सोडते तितके कण सोडावयास ७५ ते १३७ सिगारेटी जाळाव्या लागतील. ज्या घरांत सुपारीच्या खांडाखेरीज दुसऱ्या व्यसनास थारा नाहीं, त्या घरांत आपण आपल्या नातवाच्या उशाशीं हें जाळीत होतों, हें कळल्यावर आम्हांस रात्रभर झोंप आली नाहीं.

दुसऱ्या दिवशीं आम्हीं घरांत जाहीर केलें कीं, आजपासून ह्या घरांत कॉइल नाहीं, विजेवरचें यंत्र नाहीं, बाजारचें मलम नाहीं. निसर्गानें डांस निर्माण केला आहे तसा त्याचा उताराहि निर्माण केला आहे, आणि तो आम्ही आमच्या सज्ज्यांत लावणार आहों. सूनबाईंनीं मान डोलविली. आमच्या सौभाग्यवती तांदूळ निवडीत होत्या, त्यांनीं मान वर न करतां विचारलें, "आणि मच्छरदाणीचं काय? ती तरी निसर्गाची आहे का कारखान्याची?" आम्हीं उत्तर दिलें कीं, संस्कृतांत तिला मशकहरी असा शब्दच आहे, तेव्हां ती आपलीच. एवढ्यावर आमचा तह झाला.

रोपवाटिकेंतून आम्हीं गवती चहाचीं बारा रोपें आणलीं. विकणारानें सांगितलें, "काका, नुसतीं दारांत ठेवा, डांस फिरकायचा नाहीं." पुण्यातील आमच्या तिसऱ्या मजल्यावरच्या सज्ज्यांत बारा कुंड्या ओळीनें मांडल्या, पाणी गळून खालच्या बिऱ्हाडकरूंच्या वाळवणावर पडूं नये म्हणून प्रत्येक कुंडीखालीं प्लॅस्टिकची एकेक थाळी ठेवली, आणि ह्या व्यवस्थेस आम्हीं "सुगंधी तट" असें नांव दिलें. रोज सकाळीं स्नानानंतर त्यांस पाणी घालणें हा आमच्या आह्निकाचाच भाग झाला.

श्रावण लागेतों गवत कमरेइतकें वाढलें. तेव्हां आमच्यांतील भट्टीवाला जागा झाला. कुकरच्या शिट्टीच्या जागीं तांब्याची नळी बसवून ती बर्फाच्या बादलींतून फिरविली आणि चार किलो गवत अंगच्या उत्साहासह उकळत ठेविलें. दोन तासांनीं घरभर असा वास सुटला कीं, वरच्या मजल्यावरून चहासंबंधीं विचारणा झाली. हातीं आलें तें पिवळसर तेल चमचाभर. आणि त्यापायीं जळलेला गॅस, वितळलेला बर्फ व बिघडलेला कुकर ह्यांचा हिशेब सौभाग्यवतींनीं तोंडी परंतु अचूक मांडून दाखविला.

आतां प्रयोग. शुद्ध तेल अंगास लावूं नये, त्यानें कातडी भाजल्यासारखी होते, हें आम्हांस ठाऊक होतें. म्हणून खोबरेल तेलांत थोडें मिसळून तें उजव्या हातास लावलें, डावा हात तसाच ठेविला, आणि सायंकाळीं घड्याळ पुढें घेऊन आम्ही सज्ज्यांत जाऊन बसलों. पहिलीं दहा मिनिटें आमच्या आयुष्यांतील अत्यंत विजयाचीं गेलीं. डावा हात डांसांनीं फोडून काढला. उजव्याकडे एकहि आला नाहीं. पंधराव्या मिनिटास एक डांस उजव्या मनगटाभोंवतीं घुटमळून परत गेला. विसाव्या मिनिटास तो बसला. आणि बाविसाव्या मिनिटास दोन्ही हातांत कांहीं फरक उरला नाहीं. "तेलाचा वास मला फार आवडतो," सौभाग्यवती दारांतून म्हणाल्या, "आणि थोडी संवय झाली कीं डांसांनाहि आवडतो असं दिसतंय."

हा अनुभव एकट्या आमच्याच हाताचा असता तर त्याचा दोष आम्हीं आमच्या भट्टीवर घातला असता. परंतु ग्रंथांतरीं शोध करतां तोच निकाल तेथें अधिक व्यवस्थित रीतीनें नोंदलेला सांपडला. २००२ सालीं न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन ह्या साप्ताहिकांत एक निबंध प्रसिद्ध झाला. पंधरा स्वयंसेवकांनीं निरनिराळीं द्रव्यें लावून आपले हात डांसांच्या पिंजऱ्यांत घातले आणि पहिला चावा किती वेळानें बसतो तें मोजलें. डीट नांवाचें कारखानी द्रव्य शेंकडा सुमारें चोवीस ह्या प्रमाणांत असतां सरासरी तीनशें मिनिटें, म्हणजे पांच तास, टिकलें. सोयाबीनच्या तेलापासून केलेलें एक मलम दीड तास टिकलें. आणि सिट्रोनेला तेलाचीं मलमें वीस मिनिटें किंवा त्याहूनहि कमी. मनगटांत बांधावयाच्या औषधी पट्ट्यांनीं तर कांहींच संरक्षण झालें नाहीं.

ह्याचें कारण समजून घेण्यासारखें आहे. चावते ती फक्त मादी. अंडीं धरण्यास तिला रक्त लागतें. आपल्या श्वासांतून निघणारा कर्बवायु, घामाचा वास आणि अंगाची ऊब ह्यांच्या मागानें ती आपणांस हुडकून काढते. सुगंधी तेलाची वाफ तिच्या स्पर्शिकांवरील वास घेणाऱ्या इंद्रियांस गोंधळांत पाडते, म्हणून ती दूर राहते. परंतु वाफ होणें हाच ज्याचा गुण, तेंच त्याचें वैगुण्य. जें तेल उडतें म्हणूनच डांसापर्यंत पोंचतें, तें उडतें म्हणूनच अंगावर टिकत नाहीं. कुंडीत उभ्या असलेल्या गवताची गोष्ट तर त्याहून सोपी आहे : त्याचें तेल पानांच्या आंत कोंडलेलें असतें; पान चुरगळल्याखेरीज तें बाहेर येत नाहीं. आमचा तट दिसावयास हिरवागार होता, परंतु त्याच्या तोफांत दारूच नव्हती.

आणखी एक भ्रम निघाला तो असा कीं, गवती चहा म्हणजेच सिट्रोनेला. हीं दोन्ही गवतें रोशाचीं सख्खीं भावंडें खरीं, पण गुण निराळे. गवती चहाच्या तेलांत मुख्य पदार्थ सिट्राल. सिंहलद्वीप व जावा येथील सिट्रोनेला गवतांत सिट्रोनेलाल, सिट्रोनेलॉल आणि जिरॅनिऑल. विसाव्या शतकाच्या आरंभीं हिंदी लष्करांतील शिपायांस जें मलम मिळे त्यांत सिट्रोनेला, कापूर आणि पॅराफिन असे. पुढें अमेरिकेच्या सैन्यासाठीं डीट तयार होऊन १९४६ पासून वापरांत आलें, आणि सुगंधी तेलें मागें पडलीं. त्यांस एकच मोठा अपवाद आहे. लिंबासारखा वास येणाऱ्या निलगिरीच्या जातीपासून, तिच्या तेलावर संस्कार करून, पीएमडी ह्या संक्षिप्त नांवाचें एक द्रव्य काढतात. तें कित्येक तास टिकतें, आणि अमेरिकेच्या रोगनियंत्रण खात्यानें २००५ पासून त्याची शिफारस केली आहे. परंतु तें म्हणजे बाटलींत मिळणारें साधें सुगंधी तेल नव्हे, आणि तीन वर्षांखालील मुलांस तें लावूं नये असेंहि तेंच खातें सांगतें.

हें सर्व वाचून शहाण्या मनुष्यानें काय केलें असतें? आपली चूक घरांत कबूल केली असती. आम्हीं काय केलें? आणखी सहा कुंड्या आणल्या. विद्वत्तेचा आणि शहाणपणाचा संबंध अनिवार्य नाहीं, हें आम्ही विद्यार्थ्यांस तीस वर्षें शिकवीत आलों. त्याचें उदाहरण घरांतच सांपडेल असें मात्र वाटलें नव्हतें.

गणपतीस पांच दिवस उरले असतां, सौभाग्यवतींस ताप आला. पहिल्या दिवशीं त्यांनीं तो दमणुकीवर घातला. दुसऱ्या दिवशीं डोळ्यांच्या मागें आणि हाडांत अशा कळा येऊं लागल्या कीं, ज्यांनीं तीन बाळंतपणें कण्हल्याशिवाय काढलीं त्या कण्हूं लागल्या. तिसऱ्या दिवशीं रक्त तपासलें, डेंग्यू निघाला. ह्या रोगाच्या विषाणूस मारणारें औषध नाहीं. पाणी, विश्रांति, तापावर पॅरासिटामॉल आणि रक्ताची रोजची तपासणी, एवढेंच वैद्याच्या हातीं असतें. अॅस्पिरिनसारख्या गोळ्या तर रक्तस्रावाच्या भीतीनें वर्ज्य. पांचव्या दिवशीं ताप उतरला. आम्ही देवापुढें साखर ठेवली. डॉक्टर मात्र गंभीर झाले, कारण ह्या रोगांत खरा धोका बहुधा ताप उतरतांनाच सुरू होतो. दीड लाखाच्या वर असावयाचे ते रक्तांतील प्लेटलेट कण अडतीस हजारांवर आले होते. त्याच सायंकाळीं त्यांस रुग्णालयांत ठेवावें लागलें.

ती रात्र आम्हीं त्यांच्या खाटेशेजारच्या लोखंडी खुर्चीवर काढली. शेजाऱ्यांपैकीं कोणी पपईच्या पानांचा रस आणला, कोणी बकरीचें दूध. डॉक्टरांनीं सर्वांचे आभार मानून सलाईनची गति तेवढी मोजून लावली. त्रेचाळीस वर्षांच्या संसारांत आमचें पहिलें भांडण कशावरून झालें हें त्या रात्रीं आम्हांस आठवेना, आणि शेवटचें कशावरून झालें हें विसरतां येईना. तें कुंड्यांवरून झालें होतें. "एवढं पाणी कशाला घालतां? खालीं सांचून राहतं," असें त्या म्हणाल्या होत्या, आणि आम्हीं म्हटलें होतें कीं, गवतास पाणी लागतें, हें मला शिकवूं नकोस.

दुसऱ्या दिवशीं सकाळीं कपडे नेण्यास घरीं गेलों तों दारांत आरोग्यखात्याकडील एक बाई उभी. रुग्णाची नोंद झाली म्हणजे आसपासचीं घरें तपासण्याचा परिपाठ आहे. हातांत विजेरी, खांद्याला झोळी. पाण्याचीं पिंपें पाहून ती सज्ज्यांत गेली. आमचा सुगंधी तट पाहून तिनें कौतुक केलें, मग खालीं बसून पहिली कुंडी तिरकी केली, थाळीवर प्रकाश टाकला, आणि म्हणाली, "आजोबा, जरा इकडे या. हें बघा."

आम्हीं पाहिलें. थाळींतील बोटभर निवळ पाण्यांत बारीक, करड्या, वळवळणाऱ्या अळ्या डोकें खालीं करून लोंबकळत होत्या. प्रकाश पडतांच त्या गिरक्या घेत तळाशीं गेल्या. दुसऱ्या थाळींत तेंच. अठरांपैकीं अकरा थाळ्यांत तेंच.

तिनें रागावून कांहीं म्हटलें असतें तर बरें वाटलें असतें. ती आपल्या नेहमींच्या स्वरांत सांगत गेली : डेंग्यूचा डांस गटारांतला नव्हे, घरांतल्या स्वच्छ पाण्यांतला, अंड्यापासून उडता डांस व्हावयास आठदहा दिवस पुरतात, तो फार लांब जात नाहीं, जेथें जन्मतो त्याच्या आसपासच्या घरांतच चावतो, आणि रात्रीं नव्हे, दिवसा चावतो, सकाळीं व दिवस मावळण्यापूर्वीं विशेष. "नुसतं पाणी ओतून भागत नाहीं," ती म्हणाली, "अंडीं कांठाला चिकटलेलीं असतात, कोरडीं झालीं तरी महिने महिने जगतात. घासून काढायला लागतं." मग तिनें स्वतःच एक थाळी घासून दाखविली.

कोणत्या डांसानें सौभाग्यवतींस दंश केला हें कोणासहि सिद्ध करतां येणार नाहीं. त्या डांसानें आधीं दुसऱ्या एखाद्या रुग्णाचें रक्त प्यालेलें असावें लागतें, आणि आमच्याच इमारतींत तळमजल्यावर श्रावणांत एकास डेंग्यू झाला होता. न्यायालयांत आम्ही संशयाचा फायदा घेऊन सुटलों असतों. परंतु रोज सकाळीं स्नान करून, सोवळ्यानें, ज्यांस आम्हीं स्वहस्तें पाणी घातलें त्या गवताच्या पायाशीं आम्हीं शत्रूची पाळणाघरें चालविलीं होतीं, ह्यांत संशयास जागा कोठें होती? आणि त्याच सज्ज्यांत आमचा नातू दुपारभर खेळत असे.

थाळ्या घासून पालथ्या घातल्या आणि आम्ही रुग्णालयांत परत आलों. सर्व हकीकत जशीच्या तशी सांगितली. सौभाग्यवतींनीं डोळे मिटून ती ऐकली. आम्ही म्हणालों, "उद्यां सगळ्या कुंड्या काढून टाकतों." तेव्हां त्यांनीं डोळे उघडले. "अहो, कुंड्या कशाला टाकतां?" त्या हळूच म्हणाल्या, "थाळ्या टाका."

सातव्या दिवशीं प्लेटलेट वाढूं लागले आणि अनंतचतुर्दशीस त्या घरीं आल्या. धोका मात्र कायमचा गेला असें नाहीं. ह्या विषाणूच्या चार जाती आहेत. एकीचा ताप येऊन गेला म्हणून दुसरीपासून रक्षण होत नाहीं, उलट दुसऱ्या खेपेचा आजार अधिक घातक होण्याचा संभव असतो. म्हणून आमच्या घरांत आतां दर रविवारीं पाण्याचें प्रत्येक भांडें रिकामें करून घासण्याचा नेम आहे, आणि तो नेम आमच्याकडे आहे.

ह्या निमित्तानें आम्हांस खानदेशांतील आमच्या श्रद्धेचाहि पुन्हां विचार करावा लागला. रोशाचें तेल आठवत होतें. पण त्याबरोबर आणखी काय काय होतें तें आम्ही विसरलों होतों. वर्षांतून दोनदा पाठीवर पंप बांधलेले लोक येत आणि भिंतींवर पांढरट औषध मारून, दाराशीं तारीख लिहून जात. सारवलेल्या भिंती खराब झाल्या म्हणून आई दोन दिवस कुरकुरत असे. तें औषध डीडीटी. रोनाल्ड रॉस ह्यांनीं १८९७ च्या ऑगस्टांत सिकंदराबादेस डांसाच्या पोटांत हिंवतापाचे जंतु पाहिले, तेव्हांपासून शत्रु कोण हें कळलें होतें. १९५३ पासून देशभर भिंती फवारून त्याशीं युद्ध सुरू झालें. १९४७ सालीं हिंदुस्थानांत दरसाल साडेसात कोटि लोकांस हिंवताप होई आणि आठ लक्ष मरत असा अंदाज होता. १९६५ सालीं तो आंकडा एक लक्ष रुग्णांवर आला. आणि आमचे वडील तेल लावून झाल्यावर आमच्या मच्छरदाणीच्या कडा चारी बाजूंनीं गादीखालीं खोंचल्याखेरीज कधीं झोंपले नाहींत. आम्हीं यशाचें सारें माप सुगंधाच्या पदरांत घातलें, कारण भिंतीवरच्या औषधास वास होता तो नकोसा, आणि मच्छरदाणीस तर मुळींच नव्हता. पुढें डांसांनीं डीडीटीसहि दाद देईनासें केलें, फवारणींत ढिलाई आली, आणि १९७६ सालीं रुग्ण पुन्हां चौसष्ट लक्षांवर गेले. अर्थात् कारखान्याचें औषध झालें तरी तें अमर नसतें. एकाच हत्यारावर विसंबणारा, मग तें निसर्गाचें असो वा रसायनाचें, शेवटीं फसतो.

तेव्हां सुगंधी तेलें निरुपयोगी ठरवावीं काय? तसें आम्हांस वाटत नाहीं. त्यांचें माप ओळखून त्यांस काम द्यावें. संध्याकाळीं अंगणांत अर्धा तास बसावयाचें असेल तर खोबरेल तेलांत थोडें मिसळून लावावें आणि दर वीस मिनिटांनीं पुन्हां लावण्याची तयारी ठेवावी. थाई संशोधकांनीं २००१ सालीं दाखविलें कीं, अशा तेलांत व्हॅनिलिन मिसळलें म्हणजे तें उडण्याचा वेग मंदावून संरक्षण अधिक वेळ टिकतें. म्हणजे ह्या मार्गांत पुढें जाण्यास वाव आहे. परंतु ज्या घरांत ताप फिरत आहे तेथें वीस मिनिटांच्या सुगंधावर मूल सोंपवूं नये. तेथें डॉक्टरांस विचारून कसाला लागलेलें द्रव्यच वापरावें. आणि नैसर्गिक म्हणजे निरुपद्रवी हा समज तर घरांतून हांकलूनच द्यावा. कापूर किंवा निलगिरीचें तेल लहान मुलाच्या पोटांत थोडें गेलें तरी आंकडी येते. ह्या बाटल्या देवघरांतल्या असोत वा न्हाणीघरांतल्या, मुलांच्या हातास लागूं नयेत.

गवती चहाच्या अठरा कुंड्यांपैकीं सहा आम्हीं ठेवल्या आहेत. त्यांच्या खालीं थाळ्यांऐवजीं वाळू भरलेलें पसरट पात्र आहे, आणि तेंहि रविवारीं तपासलें जातें. रोज सकाळीं त्यांतील दोन पातीं आलें घालून चहांत पडतात. सौभाग्यवती पहिला घोट घेऊन पेला खालीं ठेवतात आणि म्हणतात, "ह्या कामाला मात्र ह्याच्यासारखं दुसरं कांहीं नाहीं." आम्ही त्यांवर वाद घालीत नाहीं. त्यांच्या हातास अजून थोडा कंप आहे. पेला ठेवतांना तो बशीवर किंचित् वाजतो, आणि तो आवाज ऐकतांना आम्हांस कोणताहि सिद्धांत मांडण्याची इच्छा होत नाहीं.